दात उगवणार म्हणे, पण कोणाचा?

संपादकसाहेब, नमस्कार.

पत्र लांब होणारे हे आधीच सांगून टाकते. जागेसाठी कापायचं झालं तर मधून कापा, शेवटून नको.

मागच्या आठवड्यात तुमच्या पहिल्या पानावर बातमी होती की एक इंजेक्शन घेतलं की पडलेला दात परत उगवणार आणि कवळ्या, इम्प्लांट सगळं इतिहासजमा. बरोबर चित्र कसलं, तर हिरडीत एक बी रुजलंय, त्याला कोंब फुटलाय आणि कोंबाच्या टोकाला पांढराशुभ्र दात. सकाळी साडेसातला माझ्या मावशीचा फोन. तिची खालची दाढ किडली म्हणून दोन वर्षांपूर्वी काढलीये, इम्प्लांटचं जवळजवळ ठरलंय, तर म्हणते, "अगं मग थांबू का मी? २०३० पर्यंत येणारच आहे ना औषध." दुपारपर्यंत असे अजून चार फोन. मी दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना दात कसा तयार होतो हाच विषय शिकवते, वर्षानुवर्षं दाताच्या कण्या करून तेच ते सांगते, आणि एका चित्राने सगळ्यावर पाणी. मथळा देणाऱ्याचं उचलली जीभ लावली टाळ्याला, पण निस्तरायला आम्ही बसलोय.

बातमी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. जपानमध्ये क्योटोला खरंच काम चाललंय, २०२१ मध्ये त्यांनी उंदरांवर आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर केलेले प्रयोग छापून आले, २०२४ मध्ये क्योटो युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलमध्ये माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली. त्यात ३० ते ६४ वयाचे ३० पुरुष, प्रत्येकाची किमान एक दाढ नसलेली, आणि बघायचं काय तर औषध सुरक्षित आहे का, एवढंच. दात आला का हा तिथला मुख्य प्रश्न नाही. त्यानंतर ज्यांना द्यायचं म्हणतात ती लहान मुलं आहेत, जन्मतःच चार किंवा जास्त दात न बनलेली. म्हणजे किडून दाढ गेलेली माझी मावशी त्या रांगेत आज तरी कुठेच उभी नाही. त्या संशोधकांना पुढे कधीतरी मावशीपर्यंतही पोचायचंय, तसं ते बोलतातही, पण हे पुढचं कधीतरी तुम्ही मथळ्यात आजच करून टाकलंत.

आणि हे औषध करतं काय? ते दात बनवत नाही, ब्रेक काढतं. हे नीट कळायला दात मुळात कसा बनतो ते बघायला लागतं आणि तुमच्या बातमीत त्यावर एक ओळ पण नव्हती.

तर सांगते. आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्यात, जेव्हा गर्भ बोटाच्या पेराएवढाही नसतो, तेव्हा होणाऱ्या जबड्यावरचा पातळ पापुद्रा काही जागी जाड व्हायला लागतो. हा पापुद्रा म्हणजे तोंडाचं अस्तर. त्याच्या खाली एक मऊ, विरळ पेशींचा थर असतो, आणि या पेशींची गंमत अशी की त्या तिथल्या नसतातच, मेंदू आणि मज्जारज्जू जिथे घडत असतो त्याच्या कडेवरून सुटून, चालत चालत जबड्यात आलेल्या असतात. न्यूरल क्रेस्ट म्हणतात त्यांना. दात हा या दोघांचा संसार, वरचा पापुद्रा आणि खालच्या पाहुण्या पेशी. एकट्या पापुद्र्याला दात करता येत नाही, एकट्या पाहुण्यांनाही नाही, टाळी एका हाताने वाजतच नाही.

दोघं एकमेकांशी बोलतात ते प्रथिनांच्या रेणूंमधून. एका बाजूच्या पेशी रेणू बाहेर सोडतात, तो पलीकडच्या पेशीच्या अंगावरच्या कुलपात बसतो, त्या पेशीच्या आत मग एखादं जीन चालू होतं, एखादं बंद होतं, आणि ती पेशी उलट आपला रेणू सोडते. मुख्य घराणी चार आहेत, एफजीएफ, बीएमपी, विंट आणि हेजहॉग. शेवटच्यातल्या दातवाल्या रेणूचं नाव सॉनिक हेजहॉग, हो, त्या व्हिडिओ गेममधल्या निळ्या सॉनिकवरूनच, वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची पोरं पण जागी होतात. शिवाय ईडीए नावाचा एक पाचवा आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण "दाताचं जीन सापडलं" असं पण कधीकधी तुमच्या विज्ञानाच्या पानावर छापून येतं. हे रेणू दाताचे नाहीतच. हेच चार-पाच रेणू केस करतात, पिसं करतात, घामाच्या ग्रंथी करतात, हातापायाची बोटं करतात. फरक पडतो तो कोणी, कुठे, कधी, किती सोडला आणि ऐकणाऱ्या पेशीच्या अंगावर आधी काय काय होऊन गेलंय याने. हाक तीच असते, दार वेगळं असतं.

सुरुवात कोण करतं यावर खूप वर्षं वाद होता. मग उंदराच्या गर्भावर अदलाबदलीचे प्रयोग झाले. अगदी सुरुवातीच्या दिवसांत जबड्यावरचा पापुद्रा काढून दुसऱ्याच ठिकाणच्या, म्हणजे जिथे कधी दात येत नाहीत अशा ठिकाणच्या न्यूरल क्रेस्टच्या पेशींवर ठेवला, तर दात झाला. म्हणजे पहिला शब्द पापुद्र्याचा. पण हाच प्रयोग दोन-एक दिवस उशिरा केला तर फसतो, आणि उलटा प्रयोग जमतो, आता खालच्या पेशी उचलून पायाच्या कातडीच्या पापुद्र्याखाली ठेवल्या तरी तिथे दात! एडवर्ड कोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमाराला हे पायाच्या कातडीचं करून दाखवलं, आणि पुढे १९८७-८८ च्या सुमाराला पहिला शब्द कोणाचा ते नक्की झालं. म्हणजे अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला असतो. पापुद्रा सांगतो, "तू दाताची पेशी हो," आणि एकदा ते ऐकून झालं की खालच्या पेशीच पापुद्र्याला सांगायला लागतात पुढे काय करायचं. या हस्तांतरणात एमएसएक्स१ आणि पॅक्स९ ही दोन जीन्स खालच्या पेशींमध्ये चालू व्हायला लागतात. उंदरात यातलं एक जरी काढलं तरी दात कळीच्या अवस्थेत, म्हणजे पापुद्रा खाली कळीसारखा फुगतो तिथेच, येऊन अडकतो, पुढे सरकतच नाही. माणसात दोन प्रतींमधली एक बिघडलेली असली तरी काही दात येत नाहीत, पॅक्स९ मध्ये बिघाड असेल तर बहुतेक दाढा, एमएसएक्स१ मध्ये असेल तर जास्त करून दुसऱ्या उपदाढा आणि अक्कलदाढा. का बरं नेमके तेच? बोलणं जरा हळू झालं तर पुढचे दात निभावून नेतात, ओळीच्या शेवटी बनणारे मात्र निभावत नाहीत, असा एक विचार आहे आणि मला तो पटतो.

कोणत्या जागी कोणता दात हे पण असंच ठरतं आणि त्यावरचा एक प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढते. जबड्याच्या पुढच्या भागातला पापुद्रा बीएमपी४ सोडतो, मागच्या भागातला एफजीएफ८. बीएमपी४ चं एक काम म्हणजे बार्क्स१ नावाचं दाढेचं जीन पुढच्या भागात चालू होऊ न देणं. लंडनमध्ये पॉल शार्प यांच्या गटाने १९९८ मध्ये काय केलं, तर खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान असे मणी घेतले, ते नॉगिन नावाच्या प्रथिनात भिजवले. नॉगिनचं काम एकच, बीएमपीला धरून ठेवायचं, पलीकडे पोचू द्यायचं नाही. हे मणी उंदराच्या गर्भाच्या जबड्यात, जिथे पटाशीचा दात यायचा तिथे, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने ठेवले. बीएमपी गप्प, बार्क्स१ चालू, आणि पटाशीच्या जागी उगवली काय तर दाढेसारखी टेकाडं असलेली दाढ. एक निरोप मध्येच अडवला तर पटाशीची दाढ झाली. पेशी त्याच, जीन्स तीच, जबडा तोच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विद्यार्थिनी होते आणि त्या रात्री जेवणाकडे लक्षच नव्हतं, आरशात जाऊन आपलेच दात बघत बसलेले.

कळी झाल्यावर पापुद्रा टोपीसारखा वळतो, मग घंटेसारखा. मुलांना स्लाइड दाखवते तेव्हा टोपीच्या अवस्थेतली मुद्दाम जास्त वेळ ठेवते. जांभळट-गुलाबी रंगात टोपी, टोपीच्या पोटात दाटलेल्या पेशी, त्यातून पुढे दाताचा गर व्हायचा, आणि टोपीच्या बरोब्बर मध्यावर आतल्या कडेला एक घट्ट गाठ. आजूबाजूच्या सगळ्या पेशी भराभर दुप्पट होतायत आणि या गाठीतली एकही पेशी विभागत नाही. शांत बसलीये. इनॅमल नॉट म्हणतात हिला, इनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कडक पांढरं कवच आणि नॉट म्हणजे गाठ. १९१३ पासून लोकांना ती दिसत होती पण करते काय ते कोणाला कळत नव्हतं. १९९० च्या दशकात हेलसिंकीमध्ये इर्मा थेस्लेफ आणि युक्का येर्नव्हाल यांच्या गटाने दाखवलं की ही गाठ म्हणजे बोलण्याचं केंद्र आहे, एफजीएफ, सॉनिक हेजहॉग, बीएमपी, विंट, सगळी घराणी इथून एकदम रेणू सोडतात. बाजूच्या पेशींना सांगते "वाढा", स्वतः वाढत नाही, त्यामुळे बाजू खाली उतरतात आणि मध्य जागेवर राहतो, टोपीचा आकार येतो तो याने. आणि काम झालं की गाठ स्वतःच मरून जाते. शिस्तीत, ठरल्याप्रमाणे. दाढेत मग नवीन छोट्या गाठी होतात, जिथे गाठ तिथे दाढेचं एक टेकाड. दोन गाठी फार जवळ होऊ शकत नाहीत कारण गाठीच्या भोवती नवीन गाठ होऊ न देणारे रेणू पण पसरलेले असतात. जिभेने आत्ता आपली दाढ चाचपून बघा, ते जे उंचवटे लागतात ना, ते जन्माच्या आधी किंवा लहानपणी कधीतरी मरून गेलेल्या गाठींच्या जागा आहेत.

असाच ब्रेक दाढांच्या आपापसातही असतो. उंदराच्या पहिल्या दाढेपासून मागचा भाग कापून वेगळा वाढवला तर दुसरी दाढ लवकर सुरू होते आणि मोठी पण होते, हे २००७ मध्ये दाखवलंय. म्हणजे पुढची दाढ मागचीला दाबून ठेवते. अक्कलदाढ सगळ्यात मागे, सगळ्यात उशिरा, कधी वाकडी, कधी नाहीच, जगात साधारण पाचातल्या एका माणसाला किमान एक अक्कलदाढ बनतच नाही. अक्कल मात्र त्यावर अवलंबून नसते, एवढं मुलांना सांगावं लागतं.

आता पेशी बदलतात कशा, हे सगळ्यात जवळून बघण्यासारखं. घंटेच्या अवस्थेत आतला पापुद्रा आणि त्याला चिकटून असलेल्या गराच्या पेशी समोरासमोर, मध्ये फक्त एक बारीक पडदा. पापुद्र्याकडून टीजीएफ-बीटा आणि बीएमपी घराण्यातले रेणू या पडद्यात येऊन थांबतात. गराच्या बाजूच्या कडेच्या पेशी ते ऐकतात, विभागणं थांबवतात, उंच होतात, त्यांचं केंद्रक पडद्यापासून लांबच्या टोकाला सरकतं आणि त्या ऑडोंटोब्लास्ट होतात, म्हणजे डेंटिन (इनॅमलच्या आतला दाताचा मुख्य थर) करणाऱ्या पेशी. डेंटिनचा पहिला थर पडला की आता उलटा निरोप, पडदा विरघळतो आणि डेंटिनकडून आणि ऑडोंटोब्लास्टकडून इशारा मिळाल्यावरच समोरच्या पापुद्र्याच्या पेशी अमेलोब्लास्ट होतात, इनॅमल करणाऱ्या. खरं तर इनॅमलवाल्यांनी आधी डेंटिनवाल्यांना जागं केलं, पण काम मात्र डेंटिनवाल्यांनी आधी सुरू करायचं आणि त्यांचं दिसल्यावर इनॅमलवाल्यांनी. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत निम्मी पोरं इथेच उलटसुलट लिहितात, आणि मी दरवर्षी अर्धा मार्क देते कारण मला पण पहिल्या वेळी असंच झालेलं.

मग दोन्ही ओळी एकमेकींकडे पाठ करून निघाल्यासारख्या मागे मागे सरकतात, मध्ये आपापला माल टाकत. ऑडोंटोब्लास्ट आत सरकतात आणि सरकताना आपला एक धागा डेंटिनमध्ये ठेवत जातात, अमेलोब्लास्ट बाहेर सरकतात, दिवसाला साधारण ४ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे दोन मिलिमीटरचं इनॅमल म्हणजे दीडेक वर्षाचं काम. रोजचं काम रोज नोंदवलं जातं, दाताचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की रोजची एक बारीक रेघ दिसते, आणि जन्माच्या वेळी जे दात बनत असतात त्यांच्यात त्या दिवसाची एक वेगळीच ठळक रेघ, जन्माचा धक्का दाताला पण लागतो! सुरुवातीला इनॅमलमध्ये प्रथिन भरपूर असतं, त्यातलं ९० टक्के अमेलोजेनिन, मग तेच प्रथिन कापून काढून टाकलं जातं आणि जागा खनिज घेतं, शेवटी वजनाने ९६ टक्के खनिज. शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ.

आणि आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. इनॅमल पूर्ण झालं की अमेलोब्लास्ट आधी चपट्या होतात, दात हिरडीतून वर येईपर्यंत त्याच्यावर पातळ पांघरुणासारख्या राहतात, आणि दात तोंडात आला की संपतात. त्या परत येत नाहीत. ऑडोंटोब्लास्ट आत जिवंत असतात, म्हणून डेंटिन म्हातारपणापर्यंत थोडं थोडं बनत राहतं, कीड जवळ आली की घाईघाईत जास्त पण बनतं, पण इनॅमलला कोणी वालीच नाही. पडलेल्या दातापाशी तर दोन्ही बाजू गेलेल्या. ज्या पापुद्र्याने पहिला शब्द बोलायचा तो पापुद्रा दातांचे दोन्ही संच झाल्यावर तुटून विरून जातो, इकडे तिकडे त्याचे थोडे तुकडे राहतात तेवढेच. मावशीच्या हिरडीत बी नाहीये आणि म्हणून तुमच्या चित्रावर माझा एवढा राग.

बियाची उपमाच चुकीची आहे. बीमध्ये सगळं आत असतं, पाणी घातलं की झालं. दाताचं तसं नाही, ते संभाषण आहे, आणि दोघांपैकी एक उठून गेला तर दुसऱ्याने कितीही बोललं तरी काय.

मग क्योटोवाले काय करतायत? संभाषण जसं आहे तसे गप्प करणारे रेणू पण आहेत, वर नॉगिन सांगितला तसाच यूसॅग-१ नावाचा एक आहे, तो बीएमपी आणि विंट दोघांनाही अडवतो. नको तिथे नको तेवढे दात होऊ नयेत म्हणून हा ब्रेक. ज्या उंदरांत यूसॅग-१ नाही त्यांना जास्तीचा दात येतो. मग त्यांनी यूसॅग-१ ला धरून ठेवणारी अँटिबॉडी केली, म्हणजे ब्रेक लावणाऱ्याचाच हात धरायचा. ज्या उंदरांचे दात अर्धवट अडकून राहिले होते, त्यांना ती दिली तर दात पुढे सरकले आणि पूर्ण झाले, फेरेटमध्ये पुढचा एक जादा दात आला. फेरेट का, तर त्याला पण आपल्यासारखे दुधाचे आणि मग कायमचे असे दोन संच येतात, उंदराला एकच. हे फार सुंदर काम आहे, मी मुलांना आवडीने सांगते. पण बघा, तिथे बोलणारे दोघं हजर होते, फक्त आवाज दाबलेला होता. अडकलेली कळी आणि नसलेली कळी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक तुमच्या बातमीत एका ओळीत सांगता आला असता. संशोधकांचं म्हणणं असंही आहे की माणसात तिसऱ्या संचाच्या सुप्त कळ्या असतात आणि त्या जाग्या करता येतील. असतील तर आनंदच आहे, पण पन्नाशीच्या माणसात, दाढ काढलेल्या नेमक्या जागी, नेमक्या त्या आकाराचा दात, हे अजून कोणी दाखवलेलं नाही.

ब्रेक काढण्यात धोका नाही का, असं पण विचारायला हवं होतं. विंटचा आवाज उंदराच्या पापुद्र्यात सतत चालू ठेवला तर एका दाताच्या जागी डझनावारी छोटे छोटे दात येतात, हे २००६ मध्ये दाखवलंय, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. आणि हाच विंट आतड्याच्या अस्तरात जास्त चालला की तिथे कॅन्सरकडे जातो. फिनलंडमधल्या एका कुटुंबाचं २००४ चं काम आहे, अक्सिन२ नावाच्या जीनमध्ये बिघाड, घरातल्या लोकांचे बरेच कायमचे दात बनलेच नव्हते आणि त्याच लोकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या गाठी. दात कमी आहेत म्हणून घाबरायचं असा याचा अर्थ बिलकुल नाही, अशी कुटुंबं अगदी विरळ. पण तोंडातला रेणू फक्त तोंडातच काम करत नाही हे कळतं. म्हणूनच पहिल्या चाचणीत सुरक्षितता बघायचं ठरलं, आणि म्हणूनच मला ती चाचणी "फक्त सुरक्षितता" म्हणून कमी वाटत नाही.

ईडीएचं सांगायचं राहिलं. डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय, चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे की दोन्ही जबड्यांत मिळून पुढचे चार बारीक कमजोर दात आणि आठ दाढा, अंगावर केस जेमतेम, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही पण त्यांच्या मुलांना होतो हे पण त्याने नोंदवलंय. त्याला जीन हा शब्दसुद्धा माहीत नव्हता. १९९६ मध्ये एक्स गुणसूत्रावर ईडीए सापडलं आणि दात, केस, घाम हे तिन्ही एकदम का बिघडतात ते कळलं, तिन्ही जागी पापुद्रा खालच्या थराशी बोलायला हाच रेणू वापरतो. घाम येत नाही म्हणून अशा मुलांना ताप चढतो आणि तो दातांपेक्षा जास्त धोक्याचा असतो. दात खूप उशिरा आले, आले ते सुळ्यासारखे टोकदार, आणि मूल घामाघूम कधी होतच नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा, हे वाक्य तुमच्या त्या बातमीत असतं तर कोणाच्या तरी खरंच उपयोगी पडलं असतं. ज्या मुलांसाठी क्योटोचं औषध आधी येऊ शकतं त्यांच्यातच ही मुलं बसतात, आणि बातमीत नेमका त्यांचाच उल्लेख नाही.

कोंबडीचं पण थोडक्यात सांगते, कारण बियाच्या उपमेला ते सगळ्यात चांगलं उत्तर आहे. पक्ष्यांचे दात जाऊन कोट्यवधी वर्षं झाली. तरी २००६ मध्ये टॅल्पिड२ नावाचा बिघाड असलेल्या कोंबडीच्या गर्भात मगरीच्या पिल्लासारखी शंकूच्या आकाराची दातांची सुरुवात दिसली. म्हणजे बोलण्याची सवय अजून आहे, फक्त बोलणारे दोघं एकमेकांपासून लांब सरकलेत, त्या बिघाडात ते परत जवळ आले. पण इनॅमल त्यांना कधीच करता येणार नाही, कारण इनॅमलच्या प्रथिनांची जीन्स इतक्या काळात मोडून गेलीत. हाक आहे, ऐकणारा आहे, सामान नाही. दात हवा तर तिन्ही लागतात.

आज ना उद्या माणसाला नवा दात करून देता येईल असं मला पण वाटतं. जपानमध्येच २००९ मध्ये उंदराच्या गर्भातल्या दोन्ही बाजूंच्या पेशी वेगळ्या करून, परत शेजारी शेजारी ठेवून, त्यातून झालेली कळी मोठ्या उंदराच्या जबड्यात लावली तर चावता येणारा, दुखणं कळणारा दात आला. दोन्ही बाजू हातात होत्या म्हणून जमलं. माणसात खालच्या बाजूच्या पेशी दुधाच्या दाताच्या गरातून, अक्कलदाढेच्या गरातून मिळतात, अडचण पापुद्र्याची आहे, तो मोठ्या माणसात कुठून आणायचा. या प्रश्नावर जगभर लोक बसलेत. त्याच्यावर लिहा ना, त्यात "उगवणार" पेक्षा जास्त नाट्य आहे.

मावशीला मी सांगितलं की थांबू नकोस, दाढ नसली की शेजारच्या दाढा त्या जागेत कलतात आणि समोरची खाली किंवा वर सरकायला लागते, तू थांबलीस तर त्या थांबणार नाहीत, तुझ्या डॉक्टरांशी बोलून ठरलंय ते करून घे. ती म्हणाली, "म्हणजे पेपरात आलं ते खोटं?" मी म्हणलं खोटं नाही गं, तुझ्यासाठी नाही. तर म्हणे, "मग तसं लिहायचं ना त्यांनी."

सोबत टोपीच्या अवस्थेतल्या दाताच्या स्लाइडचा फोटो पाठवतेय, मध्यावरच्या गाठीला बाण केलाय. पुढच्या वेळी ते कोंब फुटलेलं बी काढून हा छापा, फोटो माझा आहे, पैसे नकोत.

आपली,
दातांचा वर्ग घेणारी एक वाचक